नवशिक्याचा पहिला मासा

इचोडा हे आदिलाबाद जिल्ह्यातील, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. मराठी, तेलुगू आणि गोंडी ह्या तिन्ही भाषा तेथील बाजारात कानी पडतात. गावापासून फार दूर नाही अशा ठिकाणी कडम नदी कुंतलाच्या कड्यावरून सुमारे दीडशे फूट खाली झेप घेते आणि पुढे गोदावरीस जाऊन मिळते. अशा मुलखातील माणसाला मासा नवा नाही. बांबूची काठी, दोरा, गळ आणि गांडूळ एवढ्या सामग्रीवर तळ्याच्या काठी दुपार घालवणारी मुले येथे पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत.

सॅमन आणि ट्राउट ही नावे मात्र ह्या माणसास परकी. हे थंड पाण्याचे मासे. काश्मीरच्या ओढ्यांत आज ट्राउट मिळतो. पण तोही तेथला मूळचा नव्हे. १८९९ साली विलायतेहून निघालेली त्याची अंडी वाटेतच नासली आणि १९०० साली दुसऱ्या प्रयत्नात तो तेथे रुजला. सॅमनचा तर हिंदुस्थानातील नद्यांशी संबंधच नाही. तरीही इचोड्याच्या माणसाला ह्या माशांपासून शिकण्याजोगे काही आहे.

समजा, इचोड्याच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचा मुलगा शिकागोला नोकरीस आहे आणि वडील उन्हाळ्यात त्याच्याकडे राहावयास गेले आहेत. हे शहर मिशिगन सरोवराच्या काठी वसले आहे. सरोवर म्हणावयाचे, पण त्याची लांबी सुमारे ४९० किलोमीटर. पैलतीर दृष्टीस पडत नाही. तेथे कप्तानासह भाड्याने मिळणाऱ्या बोटी असतात. बहुधा सहा उतारू घेणारी ही बोट, तिच्यावर तटरक्षक दलाचा परवाना असलेला कप्तान आणि त्याचा एक मदतनीस. काठ्या, दोऱ्या, आमिष सारे बोटीवरच असते. उतारूने आणावयाचे ते मासेमारीचे परवानापत्र, उबदार कपडे आणि बोट लागू नये म्हणून गोळी. कारण जुलै महिन्यातही पहाटेच्या वेळी पाण्यावरचा वारा झोंबतो. शिदोरीत केळी मात्र नेऊ नयेत. बोटीवर केळे आले की मासा लागत नाही, अशी त्या नाविकांची जुनी समजूत आहे. मास्तरांनी पिशवीतून केळ्यांचा घड काढला, तर कप्तान हसेल, पण तो घड धक्क्यावरच राहील.

काठावर गळ टाकून बसणे आणि ही मासेमारी ह्यांत मोठे अंतर आहे. सॅमनला सुमारे १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो थंड थर शोधीत खोल उतरतो. म्हणून कप्तान दहा-बारा पौंडांचे वजन पोलादी तारेने खोल सोडतो. त्या वजनाला चिमट्याने दोरी अडकवलेली असते आणि दोरीच्या टोकाशी चमच्याच्या आकाराची चकाकती धातूची पट्टी असते. बोट तासाला दोन-तीन मैलांच्या संथ गतीने चालते आणि ती पट्टी पाण्यात लहानशा माशासारखी वळवळत जाते. माशाने तिच्यावर झडप घातली की दोरी चिमट्यातून सुटते, वाकलेली काठी ताडकन सरळ होते आणि मदतनीस ती नवशिक्याच्या हाती देतो.

येथून पुढचे काम नवशिक्याचे. काठीचे टोक वर ठेवावे. मासा पळू लागला की रीळ फिरवू नये. त्यास पळू द्यावे. तो दमला की काठी सावकाश उचलावी आणि खाली आणताना दोरी गुंडाळावी. दोरी सैल पडली की गळ सुटतो, हट्टाने ओढली की तुटते. दहा-पंधरा पौंडांचा सॅमन माणसाचे मनगट चांगलेच दुखवतो. अखेर मदतनीस लांब दांड्याचे जाळे खाली घालून मासा वर घेतो, तेव्हा आयुष्यात प्रथम एवढा मासा धरणाऱ्याला वाटते, हा आपण धरला.

ते काही खोटे नव्हे. पण ते पूर्ण सत्यही नव्हे. त्या सरोवराचा मूळचा मासा म्हणजे लेक ट्राउट. समुद्रातील लॅम्प्रे नावाचा रक्तशोषक जीव कालव्यांच्या वाटेने आत शिरला आणि १९३६ साली मिशिगन सरोवरात आढळला. त्याच्या उपद्रवाने आणि माणसाच्या बेसुमार मासेमारीने १९५० च्या सुमारास तेथील लेक ट्राउट जवळजवळ नाहीसा झाला. भक्षक उरला नाही, तेव्हा एलवाइफ नावाचा समुद्राकडून आलेला लहान मासा अमाप वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात त्याच्या मेलेल्या माशांचे ढीग किनाऱ्यावर सडत पडले. त्याला खाणारा कोणी असावा म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्याने १९६६ साली पॅसिफिक किनाऱ्याच्या कोहो सॅमनची बोटुकली आणि १९६७ साली चिनूक सॅमनची बोटुकली सोडली. तेथील सॅमनच्या मासेमारीचा आरंभ हा असा झाला. आज बरेच सॅमन काठच्या नद्यांत आपोआप जन्मतात, तरी बोटुकली सोडण्याचे काम थांबलेले नाही.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे शेजारच्या ह्यूरॉन सरोवराने दाखवून दिले. तेथे भक्षक वाढले, परक्या शिंपल्यांनी पाण्यातील सूक्ष्म अन्न गाळून फस्त केले आणि २००४ च्या सुमारास एलवाइफ संपला. त्यापाठोपाठ सॅमनही ओसरला. तो धडा ध्यानी घेऊन मिशिगन सरोवरात सोडावयाच्या चिनूकची संख्या २०१३ साली निम्म्याने कमी करण्यात आली. म्हणूनच बोटीवर मासे मोजले जातात आणि दिवसाची मर्यादा पुरी झाली की, मासे कितीही लागत असले, तरी कप्तान त्या जातीसाठी पुन्हा गळ सोडीत नाही. मास्तर घरी परततात ते मासा धरण्याचे कसब आणि मासा सोडून देण्याचा नियम अशा दोन गोष्टी शिकून.

ह्या दुसऱ्या गोष्टीचे मोल इचोड्यास परतल्यावर कळते. आपल्या तळ्यांतील कटला, रोहू आणि मृगळ हेही बहुतेक माणसानेच सोडलेले मासे. ते मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. पुराच्या वाहत्या पाण्यात वीण घालणारे. साचलेल्या तळ्यात ते अंडी घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी ह्यांनी ओरिसातील अंगुल येथे मत्स्यग्रंथीचा अर्क टोचून ह्या जातीच्या माशांची वीण घडवून आणली आणि तळ्यांसाठी बोटुकली मिळण्याची वाट मोकळी झाली. तळ्याच्या माशामागेही कोणाची तरी मेहनत उभी आहे.

मरळ मात्र आपला स्वतःचा मासा. तेलुगूत त्यास कोर्रमीनू म्हणतात आणि तेलंगणाने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला आहे. तो हवेत श्वास घेतो, म्हणून आटत्या डबक्यातही तगतो. पावसाळ्यात त्याची पिले तांबूस रंगाचा पुंजका करून पाण्याच्या वर तरंगतात आणि आईबाप खाली राखण करीत असतात. पिलांवर चाल करून येणाऱ्यावर मरळ धावून जातो. नेमकी हीच वेळ साधून, पिलांच्या पुंजक्याशी गळ सोडून राखणदार मरळाला पकडणारे लोक असतात. ती मासेमारी सोपी खरी; नवशिक्यासही साधेल. पण एक मरळ काठावर येतो आणि मागे राहिलेली शेकडो पिले इतर माशांच्या तोंडी पडतात.

कुंतलाच्या डोहात मात्र नवशिक्याने उतरू नये; तेथील निसरड्या खडकांनी आणि खोल पाण्याने अनेकांचे प्राण घेतले आहेत. ओळखीचे तळे निवडावे आणि सोबत जाणता भोई असावा. मिशिगनच्या बोटीवर जे स्थान कप्तानाचे, तेच आपल्या तळ्यावर भोयाचे: पाणी कोठे खोल, मासा कोणत्या वेळी वर येतो आणि कोणत्या महिन्यात गळ खुंटीला टांगून ठेवावा, हे तो सांगू शकतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर पाण्यावर तो तांबूस पुंजका दिसला, तर हातातली काठी खाली ठेवावी, सोबतच्या मुलाला तो दाखवावा आणि खाली राखण कोण करीत आहे, हे त्यास सांगावे. चार महिन्यांनी त्याच काठावर गळ टाकावयास दोघांनाही पुन्हा येता येईल.