माईक मी ओढला होता
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'सांस्कृतिक लढा'. शब्द भारी आहे. मी दहावी पास माणूस. गोदीत ठेकेदाराच्या गँगमधी जहाजातून पोलादाची भेंडोळी उतरवतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. कविता आज वाचणार नाही, घाबरू नका. मी बोलणार आहे एका खोलीबद्दल. वीस बाय पस्तीसची खोली, वर पत्रा, खाली शहाबादी. आमच्या वस्तीचं समाजमंदिर. तिथं दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही गाण्याचा कार्यक्रम करतो.

पण आधी कबुली.

२०२३ च्या एप्रिलातली गोष्ट. जयंतीचा कार्यक्रम, चौकात स्टेज. गायन पार्टी आणलेली. पेटी, ढोलकी, बँजो, कोरसची पोरं आणि साठी ओलांडलेले गायक, त्यांना सगळे दादा म्हणतात. मिक्सरवर मी. मीच का? तर मला हातवारे कळतात. गोदीत मशीनच्या आवाजात माणसाची हाक पोचत नाही, सगळं हातानं चालतं. तळहात वर म्हंजी उचल, मूठ म्हंजी थांब. स्टेजवरही तसंच. गायकानं बोट वर केलं की वाढव, कानाला हात लावला की त्याला त्याचा आवाज ऐकू येत नाही.

दादांनी रमाईचं गाणं लावलं होतं. बाया पदर डोळ्याला लावून बसलेल्या. दुसरा अंतरा चालू झाला आणि चौकाच्या तोंडाशी गाडी आली. पांढरी. मागं दोन मोटारसायकली. आमच्या कमिटीतल्या एकानं लांबून मला मूठ दाखवली.

मी बटण खाली ओढलं.

दादांना आधी कळलंच नाही. ते दोन ओळी तसेच गात राहिले. तोंड हलतंय, आवाज नाय. कोरसच्या पोरांच्या टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, पट्टा लावला आणि स्टेजच्या कडेला जाऊन बसले. साहेब चाळीस मिनिटं बोलले. त्यात एक वाक्य असंही होतं की गाण्यानं आपली चळवळ जिवंत ठेवली. टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या.

बिदागी ठरली होती बारा हजार, आठ माणसांची. दिले सात. बाकीचे उद्या. तो उद्या कधी आलाच नाही. मिरवणुकीच्या डीजेला मात्र आगाऊ रोख मोजले होते, कारण डीजेवाला पैशाशिवाय गाडीच आणत नाही. गाणारा आपला माणूस. आपल्या माणसाला बुडवायला काय लागतं?

दोस्तांनो, आपल्यात रीतच पडलीय. गाणं म्हंजी पाहुणे येईस्तोवर पब्लिक धरून ठेवायचं साधन. जेवणाआधीचं ताकपाणी. ही रीत कुठनं आली? आपल्या बापजाद्यांची तर नव्हती. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक जलसा घेऊन फिरत होते, तेव्हा गाणं हीच सभा होती. ज्या माणसाला अक्षर दिसत नव्हतं त्याला पाणवठ्याची, मंदिराची, वतनाची बातमी ढोलकीवर कळत होती. तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. माटुंगा लेबर कॅम्पातल्या खोल्यांत तेव्हा काय गाद्यागिरद्या होत्या? वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिले. त्यांना ऐकून किती जण शाळेत गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

आणि विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी या शाहिरानं स्वतःला संपवलं. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीच्या स्टेजवरच कोसळले. ही माणसं भाषणाआधीचं पब्लिक गोळा करत नव्हती. आणि आम्ही एका गाडीसाठी अंतरा तोडतो.

तर मग समाजमंदिर. चौक सोडून खोलीत का गेलो? एक कारण म्हंजी नियम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस कुणाच्या सणाला जातात ते तुम्हाला माहीत आहे. कव्वालीचा दुरंगी सामना पूर्वी कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. खरे सवाल-जवाब मध्यरात्रीनंतर रंगायचे, तोवर दोन्ही पार्ट्या नुसत्या एकमेकींचा अंदाज घ्यायच्या. आता दहाला हवालदार शिटी मारतो. पण त्याच नियमात लिहिलंय की बंद सभागृहात, समाजमंदिरात, आतल्या आत ऐकण्यापुरता आवाज चालतो. मी तो कागद छापून दारावर चिकटवला. हवालदार आला, वाचला, चहा पिऊन गेला.

दुसरं कारण पोटाचं. एप्रिल-मेमधी गायकाला एका रात्री दोन-दोन सुपाऱ्या. पाऊस लागला की पेटी कॉटखाली. म्हणून आम्ही मुद्दाम पावसात सुरू केलं. २०२३ च्या ऑगस्टात.

पहिला कार्यक्रम बोंबलला. पत्र्यावर पाऊस, भिंतीवरून आवाज परत येतोय, शब्द कळेना. माईकची शिट्टी थांबेना. मग अक्कल आली. बारदानं आणून मागच्या भिंतीला आणि पत्र्याखाली दोरीवर टांगली. आवाज गिळला गेला. कर्णे गाणाऱ्याच्या मागं होते ते पुढं घेतले, शिट्टी बंद. भोंगे काढूनच टाकले, शंभर-सव्वाशे माणसांना भोंगा कशाला? हलगीवाला दमट हवेनं वैतागला होता, त्याला पायरीच्या आडोशाला रद्दी पेटवून दिली. हलगी तापवून आत आला तेव्हा पहिल्या ठोक्याला पत्रा वाजला. ह्या गोष्टी कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत, म्हणून सांगतोय. लिहून घ्या.

पैशाचं सांगतो. तिकीट नाही, डबा फिरतो. पण गायकाचं पाकीट तो स्टेजवर चढायच्या आधी हातात. ऑगस्टात डब्यात २,३४० रुपये आले, कबूल केले होते पाच हजार. उरलेले आम्ही सहा जणांनी हाजरीतून भरले. जमाखर्च दाराच्या फळ्यावर खडूनं. बॅनरवर कुणाचा फोटो नाही. एक बिल्डर दहा हजार द्यायला आला होता, फोटोसकट. कमिटीत दोन तास भांडण झालं. माझ्या विरोधात बोलणारा मूर्ख नव्हता. तो म्हणला, "तुझ्या तत्त्वावर बँजोवाल्याचं भाडं सुटतं का?" नाही सुटत.

बक्षिसाची नावं पुकारणंबी आम्ही बंद केलं. गाणं तोडून "अमुक भाऊंकडून शंभर रुपये" हे किती वेळा ऐकायचं? आम्हाला वाटलं लय मोठं काम केलं. पण नाव नाही तर नोट नाही. गायकांची वरची कमाई आटली. नुकसान झालं ते त्यांचं, आमच्या तत्त्वाचं काय गेलं? आता गाणं संपल्यावर नावं एकदम वाचतो. पूर्वीइतके पैसे अजून येत नाहीत.

आणि बायांचं. बाई गाणार म्हटलं की कमिटीत पहिला सवाल, दिसायला कशी आहे. मी नाव घेत नाही, बसलेत काही जण समोर. आमच्याकडं गायलेल्या एका बाईनं स्वच्छ सांगितलं, "मला शेवटी ठेवू नका. दारू पिऊन आलेले तोवर पुढं सरकतात आणि रात्री घरी मला एकटीला जायचंय." तेव्हापासून सुरुवात साडेसहाला, पुढच्या तीन सतरंज्या बायांच्या, रिक्षाचं भाडं पाकिटात वेगळं. हे सुचायला आम्हाला बाईनं सांगावं लागलं, आणि आम्ही क्रांतिकारक.

काही मित्र म्हणतात, तू चळवळीचा ऑर्केस्ट्रा केलास. मोर्चाला माणसं नाहीत आणि तू सतरंज्या अंथरतोस. मी म्हणतो, गेल्या वर्षी आमच्या गल्लीचं पाणी तोडलं तेव्हा वॉर्ड ऑफिसावर जी चाळीस माणसं आली, त्यातली तीस सतरंजीवरची होती. बाकीच्या दहांना मी ओळखत नव्हतो.

दादांकडं मी पाच हजार घेऊन गेलो, चार महिन्यांनी. खोलीत पेटी खरंच कॉटखाली होती. त्यांनी नोटा मोजल्या, दोनदा. म्हणाले, "पोरा, ढोलकीवाल्याला मी खिशातून दिले होते." मी खाली बघत होतो. मग म्हणाले, "येतो तुझ्या खोलीत. पण मिक्सरवर तू बसायचं नाही."

आले. मिक्सरवर दुसरा पोरगा बसला, मी दारात चपला सांभाळल्या. दीड तास गायले. रमाईचं गाणं त्यांनी लावलं नाही. त्यानंतर तीनदा आले, ते गाणं अजून लावलेलं नाही. मागं बसलेल्या एका म्हातारीनं फर्माईश केली, तर हसून दुसरंच धरलं. मी विचारलेलं नाही आणि विचारणारबी नाही.

येत्या शनिवारी पुन्हा आहेत. अँप्लिफायर गरम होऊन बंद पडतोय, कुणाकडं चांगला असेल तर बोला. आणि येणाऱ्यांनी सतरंज्या घडी घालायला थांबा, मागल्या खेपेला आम्ही तिघंच उरलो होतो.

जयभीम.