आमच्या शाळेचा पट आणि तिसऱ्या बाई

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कोणी शेळ्यांमागं फिरता फिरता. आम्ही माढा तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या बचत गटाच्या बाया. आमच्यातल्या चौघी शाळा व्यवस्थापन समितीतही आहेत. आज कर्जाचं, पापडाचं, शेळीपालनाचं काही सांगणार नाही. आज शाळेच्या पटाचं सांगायचंय.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी. शिकवायला तिघं. मोठे गुरुजी, दुसरे गुरुजी आणि तीन वर्षांमागं आलेल्या बाई. बाई आल्या तशा पोरी शाळेत टिकायला लागल्या, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पहिलीतल्या लेकराचं नाक पुसून त्याला जवळ घेऊन बसणारं माणूस शाळेत असलं की आईचा जीव शेतात लागतो.

गेल्या सप्टेंबरात मोठ्या गुरुजींनी समितीची सभा बोलावली. एरवी आम्ही सभेला जायचो म्हणजे काय करायचो? रजिस्टरवर सह्या करायचो, चहा प्यायचो आणि घरी यायचो. कायद्यानं समितीत पंचाहत्तर टक्के पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, दर महिन्याला सभा पाहिजे. कागदावर आमचं सगळं बरोबर होतं. पण त्या दिवशी गुरुजी म्हणाले, "ताई, यंदा आपल्या बाई अतिरिक्त ठरतील असं दिसतंय." अतिरिक्त म्हणजे काय ते आम्हाला कळेना. मोठ्या घरात पाहुणा जास्त व्हावा तसं काही असेल, असं आमच्यातल्या एकीला वाटलं.

मग गुरुजींनी फळ्यावर लिहून दाखवलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीचा हिशेब असा: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पोरं किती ते बघून दरवर्षी कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. मुलं मोजायची तारीख ३० सप्टेंबर. आमच्या हजेरीत ६४ नावं होती. म्हणजे तिघं हक्कानं. पण सरकारच्या संगणकात ५८ च दिसत होती. कारण सहा लेकरांचं आधार जुळत नव्हतं, आणि जुळलं नाही ते लेकरू शिक्षकांच्या हिशेबात धरत नाहीत.

आमच्यातल्या आक्का उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं रोज वर्गात बसतंय, खिचडी खातंय, आणि ते नाही म्हणायचं?" गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांच्या हातात काय होतं?

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण गल्लीत उलटंच सांगतात. आधार नाही म्हणून लेकराला शाळेत घेणार नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालीच तसं सांगितलंय. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. लेकराचा हक्क जात नाही. जातो तो त्याला शिकवणारा माणूस.

त्या सहा लेकरांच्या घरी आम्ही गेलो. दोघांचं साधं होतं. आधार अगदी तान्हेपणी काढलेलं. तेव्हा बोटांचे ठसे घेत नाहीत, पाच वर्षांनंतर नव्यानं द्यावे लागतात. ते कोणी दिलेच नव्हते. एकीच्या आजीला वाटत होतं, एकदा कार्ड निघालं की जन्माचं निघालं. दोघांना घेऊन केंद्रावर गेलो. एक दिवस मजुरी बुडाली, एक दिवस रांगेत गेला, पण झालं. आकडा ६० वर आला. अजून एक पाहिजे होतं.

उरलेल्या चौघांचं नावातच घोळ होता. शाळेत एक नाव, आधारवर एक, जन्मदाखल्यावर तिसरं. एका पोरीच्या दाखल्यावर तर नावच नव्हतं, कारण दाखला काढला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. आता बघा, पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पोर जिथं जन्मलं तिथंच जन्माची नोंद. म्हणजे पोरगी शिकते माढा तालुक्यात आणि तिचा कागद पडलाय आईच्या माहेरच्या गावात. सासरच्या माणसांना ते माहीत नसतं, माहेरच्यांना गरज वाटत नाही. ही गोष्ट पुरुषांच्या सभेत कधी निघालीच नसती. आम्ही मात्र लगेच विचारलं, "बाळंतपण कुठं झालं?" त्या पोरीच्या मामाला फोन लावला. मामानं दोन चकरा मारून नाव घालून घेतलं, दाखला एसटीतल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. आधार दुरुस्त झालं. आकडा ६१ झाला आणि बाई राहिल्या.

बाकी तिघांचं त्या वर्षी जमलं नाही. त्यातल्या एकाचा बाप तर म्हणाला, "बाईच्या नोकरीसाठी मी का रजा काढू?" आम्हाला राग आला होता. पण खरं सांगायचं तर त्याचंही एकदम खोटं नव्हतं. लेकरू शाळेत आहे हे सिद्ध करायचं काम आईबापाच्या मजुरीवर का टाकायचं, याचं उत्तर आम्हाला अजून मिळालेलं नाही.

आपल्या तालुक्यात आणखी एक हिशेब चुकतो. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची लेकरं आमच्या शाळेत येऊन बसतात, आणि बसायलाच पाहिजेत. पण मोजणीची तारीख ३० सप्टेंबर, आणि कोयता त्यानंतर पडतो. वर्गात दाटी होते ती हिवाळ्यात, शिक्षक मिळतात ते पावसाळ्याच्या आकड्यावर.

पैशाचंही पटावरच. समग्र शिक्षेतून शाळेला वर्षाला अनुदान मिळतं. ३० पर्यंत मुलं असली तर १० हजार, ३१ ते १०० असली तर २५ हजार. त्यातलं दहा टक्के तरी स्वच्छतेवर लावायचं. खडू, फळा, दुरुस्ती, संडास, वीजबिल, सगळं त्यातच. पट तिसाखाली गेला तर पंधरा हजार गेले, पण छत काही कमी गळत नाही. हा खर्च समितीपुढं मांडायचा असतो. पावती बघायला मागा. आम्ही पहिल्यांदा मागितली तेव्हा लाज वाटली होती. गुरुजींनी मात्र आनंदानं फाईल काढली. म्हणाले, "इतक्या वर्षांत कोणी मागितलीच नाही."

गणवेशाचं तुम्हाला आठवतच असेल. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश म्हणून कापड वरून आलं आणि शिलाई बचत गटांकडं. काम मिळालं म्हणून बाया खूश होत्या. पण कितीतरी शाळांत पोरांच्या अंगावर कपडे वेळेत चढलेच नाहीत. त्याच डिसेंबरात सरकारनं गणवेशाचा कारभार पुन्हा समितीकडं द्यायचं ठरवलं. म्हणजे आता कापड कसलं, शिलाई कोणाला, हे तुम्ही आम्ही बसून ठरवायचं. तिथं तरी नुसती सही नको.

बरं, पट कमी का होतोय? पिवळी गाडी. सकाळी वस्तीवर हॉर्न वाजतो आणि टाय लावलेली पोरं चढतात. आमच्याच गटातल्या तिघींची लेकरं त्या गाडीत आहेत. एकीनं तर फीसाठी गटातून कर्ज घेतलंय, आणि त्या ठरावावर आमच्याच सह्या आहेत. तिला आम्ही काय तोंडानं बोलणार? ती म्हणते, "माझं इंग्रजीवाचून अडलं, तिचं अडू नये." यात चुकीचं काय आहे? आम्ही एवढंच केलं, की तिला एक दिवस बाईंच्या वर्गात नेऊन बसवलं. बघितल्याशिवाय नाव ठेवू नकोस, एवढंच म्हणणं होतं. ती दोन तास बसली. अजून काही बोलली नाही.

आपल्या तालुक्याचं नाव शाळेनंच जगात गेलंय, हे विसरू नका. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातलं निम्मं त्यांनी सोबतच्या नऊ शिक्षकांना वाटून दिलं. पुस्तकात क्यूआर कोड असतो, मोबाईल धरला की धडा दिसतो, त्याची सुरुवात त्यांनी केली. तीही अशीच वस्तीवरची शाळा. तिथं शिक्षकच नसता तर?

आणि पट फारच खाली गेला तर काय होतं, तेही ऐका. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार शिक्षण खात्यानं मांडला होता. राज्यात अशा १४ हजारांवर शाळा निघाल्या. पुढं १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांतल्या शिक्षकांची पदंच धोक्यात आली. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतात, हे कोणी नाकारत नाही. पण नियमानं प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. कॅनॉलच्या कडेनं, उसातल्या वाटेनं सात वर्षांची पोरगी एकटी चालत जाईल का? मुलाला सायकल घेतील. पोरीला म्हणतील, धाकट्याला सांभाळ.

आता यंदाचं. चौथीतून १७ पोरं गेली, पहिलीत १२ आली. हजेरीत ५९ आहेत, आणि त्यातल्या दोघांचं आधार अजून जुळलेलं नाही. म्हणजे ते दोन कागद आणि आणखी दोन लेकरं पाहिजेत. अंगणवाडीताईंकडून सहा वर्षं पुरी झालेल्या मुलांची यादी घेतलीय. त्यातली चार नावं पहिलीच्या हजेरीत नाहीत. दोन घरं शेतात राहतात, त्यांच्याकडं रविवारी जाणार आहोत. बाकी दोन नावं आमच्या गटातल्याच घरातली आहेत. एक आक्कांचा नातू, त्याच्या आईचं मन पिवळ्या गाडीकडं आहे. आक्का म्हणाल्या, "तिथं मीच बोलते, तुम्ही येऊ नका." दुसरं लेकरू ती दोन तास वर्गात बसून आली तिचं धाकटं.

तुमच्या शाळेतही या आठवड्यात जाऊन गुरुजींना दोनच आकडे विचारा: हजेरीत किती, आणि संगणकात किती. फरक निघाला तर नावं लिहून घ्या आणि आधी विचारा, बाळंतपण कुठं झालं. जन्माची नोंद कुठं आहे ते त्यावरून कळतं. मोजणीला अजून दोन महिने आहेत, आणि माहेरून कागद यायला वेळ लागतो.