प्यादे किती घरे चालते?

श्रोतेहो, बुद्धिबळाचा पट मांडला म्हणजे आजकाल पहिला प्रश्न निघतो तो 'पांढरे कोण घेणार?' हा. आमच्या नांदेड-लातूरकडे जुनी माणसे त्याच्याही आधी एक प्रश्न विचारीत, "कोणचं खेळायचं? आपलं का इंग्रजी?" शाळेत खेळ शिकलेल्या मुलांना हा प्रश्न कळत नाही. बुद्धिबळ ते बुद्धिबळ, त्यात आपले आणि परके काय आले? मलाही तो एके काळी कळला नव्हता, आणि न कळल्यामुळे एका म्हाताऱ्या माणसावर माझ्या हातून अन्याय झाला. तेव्हा आजच्या भाषणात माहिती आहे तशी थोडी कबुलीही आहे, असे समजा.

माझे मामा देगलूर तालुक्यातल्या एका गावी राहत. शेती थोडी, पण बुद्धिबळाचा नाद मोठा. त्यांचा पट कापडाचा होता. लाल कापड, त्यावर दोऱ्याने शिवलेली आठ गुणिले आठ घरे, आणि मधल्या काही घरांवर फुल्या. सगळी घरे एकाच रंगाची. एका दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा माझा बारा वर्षांचा मुलगा नुकताच लातूरला शाळेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवून आला होता. त्याने पट पाहिला आणि विचारले, "आजोबा, यात काळी-पांढरी घरं कुठं आहेत?" मामा म्हणाले, "डोक्यात हायेत, बाळा."

ओसरीवर डाव मांडला. मुलाने राजासमोरचे प्यादे उचलून दोन घरे पुढे ठेवले. मामांनी ते मागे सरकवले. "एकच." मुलगा म्हणाला, "पहिल्या चालीला दोन चालतात." मामा म्हणाले, "कामून रे? प्यादं म्हणजे पायानं चालणारा शिपाई. त्यो एका दमात दोन घरं कसा जाईल?" मुलाने माघार घेतली, पण पुढे त्याने किल्लेकोट केला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले. तेव्हा मात्र मामा हसले. "हे बरं हाय तुमचं. एका वेळी दोन मोहरे! मग म्याबी दोनदा खेळू का?" दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी शहाणपणाने निवाडा दिला, "मामा, नियम तसाच आहे. आता सगळ्या जगात असंच खेळतात."

मामांनी वाद घातला नाही. मोहरे पिशवीत भरले, पटाची घडी केली, आणि म्हणाले, "तुमच्या नियमानं तुम्ही खेळा." त्यानंतर ते तीन वर्षे होते. माझ्याशी एकही डाव ते खेळले नाहीत.

मामांचे नियम कोणते, ते आता सांगतो. जवळ पट असेल तर मांडून पाहा. मोहरे तेच : राजा, वजीर, दोन उंट, दोन घोडे, दोन हत्ती, आठ प्यादी. चालीही बहुतेक त्याच. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे, वजीर दोन्हींकडे. फरक पुढे आहे. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते. त्यामुळे डाव हळू उघडतो, आणि म्हणूनच काही गावांत सुरुवातीला दोन्ही गडी आपापल्या अर्ध्या पटात लागोपाठ ठराविक चाली करून फळी बांधून घेत, मग खरी लढाई सुरू होई. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, तीही त्याला अजून शह बसलेला नसेल तरच. एकदा शह खाल्लेल्या राजाचा हा हक्क गेला. म्हणून जुने खेळाडू अगदी सुरुवातीला, बाकी काही फायदा नसताना, एखादा फुकटचा शह देऊन टाकीत. नवख्याला वाटे, म्हाताऱ्याने चाल वाया घालवली!

प्याद्याच्या बढतीचा नियम तर मला फार आवडतो. आपल्या शाळकरी खेळात शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल ते होते, आणि जवळजवळ प्रत्येक जण वजीरच मागतो. देशी खेळात तसे नाही. ज्या घरात प्यादे पोचेल त्या घराचा जो मूळ मालक, तोच ते होणार. हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. राजाच्या घरात पोचले तर दुसरा राजा कसा होणार, म्हणून वजीर. शिवाय तो मोहरा आधी मेलेला असला पाहिजे. आपले दोन्ही हत्ती जिवंत असतील तर हत्तीच्या घराकडे निघालेल्या प्याद्याने सातव्या घरात थांबून वाट पाहायची. याचा परिणाम असा की कोणते प्यादे पुढे काढायचे याचा विचार पहिल्या दहा चालींतच करावा लागतो.

आणि शेवट. इथे मामांचा खेळ आणि मुलाचा खेळ अगदी वेगळे होतात. मुलाच्या खेळात समोरच्याचे सगळे मोहरे मारून एकट्या राजाला कोपऱ्यात गाठले तरी ती मातच. मामांच्या खेळात समोरचा राजा एकटा उरला की डाव 'बुर्ज' झाला, कोणी बुर्जी म्हणत, म्हणजे बरोबरी. एकट्याला मारण्यात कसली मर्दुमकी? त्यामुळे जिंकणाऱ्याने शत्रूचा निदान एक मोहरा जपून ठेवायचा, आणि तो जिवंत असतानाच मात करायची. हरणारा काय करी? आपले उरलेसुरले मोहरे मुद्दाम मारून घ्यायला पुढे ढकली! जिंकणारा ते मारीत नाही, चुकवीत पळतो. असा उलटा पाठलाग मी ओसरीवर तासन् तास पाहिला आहे. तसेच राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी झाली तर कोंडणाऱ्याला चाल परत घ्यायला लावीत. आणि सगळ्यांत मोठा मान प्यादेमातीला. वजिराने केलेली मात ही नुसती मात, पण प्याद्याने केलेली मात गावभर सांगायची. हरलेला माणूस दोन दिवस पारावर येत नसे.

मी त्या दिवशी 'सगळ्या जगात असंच खेळतात' म्हणालो, त्यात तपासण्यासारखे पुष्कळ होते. प्याद्याची दोन घरांची चाल आणि किल्लेकोट ही युरोपात पडलेली भर आहे. आपल्याकडून इराणमार्गे पश्चिमेला गेलेल्या मूळ खेळात प्यादे एकच घर चालत असे. म्हणजे त्या बाबतीत मामांचाच नियम जुना. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या मूळ खेळात वजीर तिरके एकच घर चालायचा. त्याची आजची दूरवरची चाल युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. मामांचा वजीर तर सबंध पटावर धावायचा. तेव्हा 'आपलं' म्हणून जे मामा खेळत, त्यातही चार देशांचे पाणी मिसळलेले होते. हे त्यांना सांगायचे राहून गेले, ते एका अर्थी बरेच झाले.

देशी नियमांवर वाढलेला खेळाडू कच्चा असतो, असाही एक समज आहे. त्याला एकच उत्तर पुरेसे आहे : मीर सुलतान खान. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा हा माणूस देशी खेळावर वाढला, इंग्रजी नियम मोठेपणी शिकला. 1928 साली तो अखिल भारतीय स्पर्धेत पहिला आला, 1929 साली इंग्लंडला नेल्यावर त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्याने जिंकले, पुन्हा 1932 आणि 1933 साली जिंकले. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने हरवले. 1966 साली तो वारला, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला सन्मान्य ग्रँडमास्टर केले ते 2024 साली.

आता शब्दांकडे वळू, कारण आमच्या सीमेवरच्या भागात खरी गंमत शब्दांची आहे. 'शह' म्हणजे फारसीतला शाह, राजा. 'मात' ही त्याच घरची. प्यादे म्हणजे पायी चालणारा. 'जोर' म्हणजे एका मोहऱ्याच्या पाठीशी दुसऱ्याचा आधार. बिनजोर मोहरा बेधडक मारावा. शहाला उत्तर म्हणून उलट दिलेला शह तो काटशह. हे शब्द पटावरून उठून कधीच वर्तमानपत्रांत गेले. निवडणुका आल्या की शह-काटशहाशिवाय बातमी होत नाही, आणि दुष्काळावर मात केल्याशिवाय आमच्याकडे एकही वर्ष जात नाही.

पण नांदेडला बाजारात तीन भाषांची माणसे एका पटाभोवती बसली की काय होते ते पाहा. मी एकदा एका उर्दू बोलणाऱ्या मित्राच्या बाजूने सल्लागार म्हणून बसलो होतो. तो म्हणाला, "फील बचाइए." फील म्हणजे हत्ती, एवढी फारसी मला येत होती. मी हत्तीकडे पाहत राहिलो, हत्ती सुखरूप होता. मेला तो उंट. उर्दूत आपल्या हत्तीला 'रुख' म्हणतात आणि तिरक्या चालीच्या उंटाला 'फील', म्हणजे हत्ती! शेजारी बसलेला बिलोलीकडचा तेलुगू गृहस्थ म्हणाला, "आमच्यात सरळ जातो तो एनुगु." एनुगु म्हणजे हत्तीच, तिथे आमचे जुळले. पण आपल्या उंटाला ते 'शकटु' म्हणतात, म्हणजे गाडी. बंगालमध्ये तर सरळ चालणाऱ्या मोहऱ्याला नौका म्हणतात, आणि तिरका जातो तो गज. मूळ चतुरंग सेनेत हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चार अंगे. रथ गेला, त्याच्या जागी कुठे हत्ती बसला, कुठे नाव. हत्तीच्या जागी कुठे उंट आला, कुठे गाडी. चाल कायम राहिली, नाव बदलत गेले.

या खेळाशी आपल्या मुलखाचे नाते नवे नाही. आजच्या लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात कल्याणी, म्हणजे बसवकल्याण. तिथल्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून हत्तींच्या निगराणीपर्यंत सगळे त्यात आहे, आणि चतुरंगाचे वर्णनही आहे. दुसरे नाते पैठणचे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट झाले. 1674 साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठांचा 'व्यवहारमयूख' पुढे मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या दाव्यांत प्रमाण मानला गेला, हे वकील मंडळींना ठाऊक असते. पण त्यांच्याच 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे नियम दिले आहेत, आणि घोड्याला एकाही घरात दुसऱ्यांदा न नेता चौसष्ट घरे फिरवून आणण्याची युक्तीही आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. एवढा मोठा धर्मशास्त्री घोड्याची अडीच घरे मोजत बसला होता, या विचाराने मला फार बरे वाटते.

पण राजांनी आणि शास्त्र्यांनी लिहिले ते राहिले. ओसरीवरचे नियम कोणी लिहिले? ते तोंडातोंडी चालत, आणि दर दहा कोसांवर थोडे बदलत. म्हणूनच डावाआधी तो प्रश्न विचारायचा असे. 'आपलं' म्हणजे आपल्या दोघांनी आत्ता ठरवलेले. मी त्या दिवाळीत निवाडा देण्याऐवजी हाच प्रश्न दोघांना आठवून दिला असता, तर मुलाला दोन खेळ आले असते.

मामा गेल्यावर मामींनी तो लाल पट माझ्याकडे दिला. एक उंट हरवलेला आहे, त्याच्या जागी मामा सुपारी ठेवीत. मी वहीत नियम लिहायला घेतले तेव्हा एका ठिकाणी अडलो. राजाने ती एकदाची अडीच घरांची उडी मारताना समोरचा मोहरा मारावा की नाही? मामांच्या शेजारचे गृहस्थ, त्यांच्याशी वर्षानुवर्षे खेळलेले, म्हणाले, "छे, उडी नुसती जागा बदलण्यासाठी." उदगीरच्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितले, "का नाही? राजा आहे तो, मारील." मामांना हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. वहीत दोन्ही उत्तरे लिहिली आहेत, गावांच्या नावासकट. तुमच्या गावी काय म्हणत, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. आणि विचारण्याआधी पट मांडा, म्हणजे त्यांना आठवेल.