जुना कर्णा आणि नवा कंडेन्सर



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता सोडून लाउडस्पीकरच्या पोटातील कंडेन्सरविषयी का बोलावे? याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. गिरणीच्या ज्या भोंग्याने कामगार आत जाई, तोही भोंगा. आणि गेट-मिटिंगच्या ज्या भोंग्याने तो बाहेर येऊन उभा राही, तोही भोंगाच. कर्णा हे आमच्या कामाचे हत्यार आहे, आणि हत्याराची निगा राखणे हा कामगाराचा पहिला धर्म. मात्र आज मला बोलायचे आहे ते सभेतल्या कर्ण्याविषयी नव्हे, तर त्याच्या थोरल्या भावाविषयी: जुन्या सिनेमागृहांत आणि रसिकांच्या घरांत संगीत ऐकवणाऱ्या कर्ण्यांविषयी.

प्रथम कर्णा हवाच कशाला, ते पाहू. शेताच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो. आवाजाची शक्ती त्याने वाढत नाही. ती वाया कमी जाते. ध्वनिक्षेपकाचा पडदा जड आणि हवा हलकी, म्हणून उघड्या पडद्याची बहुतेक मेहनत फुकट जाते. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब मोठा असतो. तो तोंडापर्यंत हळूहळू उतरत जातो आणि पडदा व हवा यांची सांगड बसते. १९२६ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या वेंटे आणि थुरास यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा ध्वनिघटक सिनेमागृहांसाठी सिद्ध केला, तेव्हा व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची शक्ती फार थोडी असे. एवढ्याशा विजेत शेकडो प्रेक्षकांना ऐकू जायचे, तर कर्ण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला, तो याच बोलपटयुगाचा आपला आरंभ.

पुढे १९४५ मध्ये आल्टेक लान्सिंग कंपनीचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ हे कर्णे निघाले. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श या इंजिनिअरने आर्कान्सा राज्यातल्या होप या लहान गावी आपला कारखाना काढला. त्याच्या ‘क्लिप्शहॉर्न’ची युक्ती अशी, की कर्ण्याची घडी करून तो खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा आणि खोलीच्या भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवायचा. एका वॅटला सुमारे १०५ डेसिबल आवाज, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. साधी पेटी ९० डेसिबल देत असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी तिला सुमारे तीसपट वीज लागेल. असे कर्णे पन्नास-साठ वर्षांनीही ठणठणीत असतात. लाकूड शाबूत, चुंबक शाबूत. आवाज मात्र मंद आणि कोंदट झालेला. मग मालक विचारतो, ‘आतले कंडेन्सर आणि तारा बदलू का?’ आजच्या व्याख्यानात याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

क्लिप्शहॉर्नमध्ये तीन ध्वनिघटक असतात: खर्जासाठी मोठा, मधल्या सुरांसाठी दुसरा आणि झांजेच्या किणकिणाटासाठी चिमुकला तिसरा. त्यांच्यात कामाची वाटणी करणारा जो मुकादम, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. वायरचे वेटोळे खर्जाला वाट देते आणि तारसुरांना अडवते. कंडेन्सर नेमके उलटे करतो. जुन्या ‘टाइप ए’ क्रॉसओव्हरमध्ये मधल्या घटकाच्या वाटेवर १३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. सेकंदाला ४०० कंपनांच्या सुराला तो सुमारे ३० ओमांचा विरोध करतो. ४,००० कंपनांना तोच विरोध ३ ओम होतो आणि ४० कंपनांना ३०० ओम. दारावर पहारेकरी उभा नाही, चाळणी नाही; नुसत्या या गणिताने खर्ज मागे राहतो आणि वरचे सूर पुढे जातात.

आता झीज कशाची होते ते पाहा. तांब्याचे वेटोळे झिजत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ फितीचा, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा कंडेन्सर दशकानुदशके जवळजवळ जसाच्या तसा राहतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र ओल्या रसायनावर जगतो. ते सुकत गेले की त्याचे माप बदलते आणि अंतर्गत विरोध वाढतो. पत्र्याच्या डब्यातला तेल-कागदाचा कंडेन्सर त्याहून चिवट, पण तोही म्हातारा होतो. समजा, १३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १६ चा झाला. मग ४०० ची सीमा ३२५ वर घसरते आणि मधल्या घटकावर त्याच्या कुवतीबाहेरचा खर्ज येऊन पडतो. वाढलेला अंतर्गत विरोध तर आवाजच खातो: ८ ओमांच्या घटकापुढे १ ओम जास्तीचा आला की साधारण १ डेसिबल गेला. कोंदटपणाचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

म्हणून पहिला नियम: मोजल्याशिवाय बदलू नये. कंडेन्सरचे एक टोक डाखातून सोडवावे, कारण जोडलेल्या स्थितीत मोजले तर शेजारच्या भागांचेही माप त्यात मिसळते. मग मीटरने माप आणि अंतर्गत विरोध, दोन्ही पाहावे. डाव्या आणि उजव्या कर्ण्याचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. फरक कागदावर दिसला तर कंडेन्सर बदलावा, आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा एकदमच बदलावा.

दुसरा नियम: माप मूळचेच ठेवावे. ‘थोडा मोठा घातला तर आवाज भरदार होईल’ हा विचार चुकीचा आहे. त्याने सीमारेषा सरकते. या क्रॉसओव्हरमध्ये आवाज कमी-जास्त करण्यासाठी ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. तोही मुकाट्याने हात चालवीत असतो: ३ डेसिबल कमी करणाऱ्या टप्प्यावर तोच ध्वनिघटक कंडेन्सरला दुप्पट ओमांचा भासतो. तेव्हा टप्पा बदलला की सीमा बदलली, हे ध्यानात असू द्यावे. तसेच मूळ रचनाकाराने जुन्या कंडेन्सरचा थोडा विरोध हिशेबात धरला असेल, तर नव्या फितीच्या कंडेन्सरने वरचे सूर किंचित टोचू लागतात. अशा वेळी एक लहानसा रेझिस्टर जोडला की काम भागते. पातळ तारेचे वेटोळे काढून जाड तारेचे घालणाऱ्यानेही हेच स्मरावे. वेटोळ्याचा विरोध हाही रचनेचा भाग असू शकतो.

तिसरा नियम व्होल्टचा. दुकानदार ६०० व्होल्टचा महाग कंडेन्सर पुढे करतो. हिशेब करा: ८ ओमांत १०० वॅट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, आणि त्यांचे शिखर ४० व्होल्ट. घरात तर या कर्ण्याला एक-दोन वॅटही पुष्कळ होतात. १०० व्होल्टचा कंडेन्सर इथे सुखाने नांदेल.

आता तारांकडे वळू. इथे बाजाराने जेवढी माया गोळा केली आहे, तेवढी अन्यत्र क्वचितच केली असेल. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.०१७ ओम. पेटीच्या आत जाऊन-येऊन दोन मीटर तार धरली, तरी तो ०.०३५ ओम भरतो. ध्वनिघटकाच्या स्वतःच्या वेटोळ्याचा विरोध पाच-सहा ओम असताना या ०.०३५ ला पुसतो कोण? चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहक आहे. तिची किंमत किती पट आहे, ते सराफाला विचारावे. अॅम्प्लिफायरपासून कर्ण्यापर्यंतची तार मात्र लांब असेल तर ती जाड घ्यावी. दहा मीटर अंतर असल्यास अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घेतली की काम चोख होते.

मग तारांत काही बिघडतच नाही काय? बिघडते, पण ते सांध्यांत. हिरवट पडलेला स्क्रू, सैल झालेली पट्टी, थंड पडलेला डाख, तडकलेले रबरी आवरण हे खरे शत्रू. पुष्कळदा नव्या तारेचे श्रेय म्हणून जे सांगितले जाते, ते वास्तविक नव्याने घासून घट्ट केलेल्या सांध्याचे असते. आमच्या चळवळीतही हेच अनुभवास येते. बिघाड बहुधा माणसांत नसतो. माणसामाणसांच्या सांध्यात असतो.

आणि कान? कानाला भाव कळतो, हे मी विनोदाने म्हणत नाही. महाग वस्तू बसवली की ती गोड लागते, कारण खर्च केलेले मन साक्ष देत असते. यावर उपाय एकच. शेजाऱ्याला सांगावे, ‘तू नवा-जुना आलटून पालटून जोड, मला सांगू नको.’ दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून घ्यावा, वीस वेळा ऐकावे आणि दरवेळी अंदाज लिहून ठेवावा. वीसपैकी दहा-अकराच अंदाज बरोबर आले, तर पैसे वाचले असे समजावे.

येथवर मी रसिकांच्या पैशाविषयी बोललो. आता ज्यासाठी हा विषय घेतला, त्याविषयी बोलतो. जुन्या तेलाच्या कंडेन्सरमधील ‘तेल’ पुष्कळदा तेल नसते. ते पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी असते. ते पेट घेत नाही, टिकते, वीज रोखते. कारखानदाराला आणखी काय हवे? अशा क्लोरीनयुक्त रसायनांनी कामगारांच्या यकृताला इजा होते, हे हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांनी १९३७ सालीच मांडले होते. तरीही अमेरिकेत त्याचे उत्पादन १९७७ पर्यंत चालू राहिले. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी जनरल इलेक्ट्रिकचे कंडेन्सर बनवणारे दोन कारखाने होते, फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स येथे. १९४७ पासून तीस वर्षांत त्यांतून सुमारे १३ लाख पौंडांपर्यंत पीसीबी नदीत गेले, असा सरकारी अंदाज आहे. १९८४ साली नदीचा दोनशे मैलांचा पट्टा विषारी स्थळ म्हणून जाहीर झाला. गाळ उपसण्याचे काम २००९ ते २०१५ चालले. १९६८ साली जपानात हेच द्रव्य तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात मिसळून हजारोंना विषबाधा झाली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीसीबीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले, आणि आपल्या सरकारने २०१६ साली त्याच्या निर्मितीवर व आयातीवर बंदी आणली.

नदीतल्या पीसीबीचे पौंड मोजले गेले. पण ज्या हातांनी तीस वर्षे ते डबे भरले, ते हात त्या द्रवाला रोज लागत होते, आणि तो पोटात किती गेला याचे माप तेव्हा रोज कोणी घेतले नाही. जुन्या कर्ण्यातून निघणाऱ्या सुरामागे हेही श्रम आहेत, हे ऐकणाराने विसरू नये.

म्हणून चौथा आणि सर्वांत मोठा नियम. जुना डबा अखंड असेल तर त्याच्याजवळ बसून गाणे ऐकण्यात धोका नाही. पण तो पाझरत असेल तर उघड्या हाताने शिवू नये, भोक पाडून पाहू नये, तापवू तर मुळीच नये. साधारण १९७८ नंतरच्या अमेरिकन डब्यांवर ‘नो पीसीबी’ अशी खूण पुष्कळदा असते. नसेल तर आत विष आहे असे धरून चालावे. काढलेला डबा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, झाकणाच्या भांड्यात ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे द्यावा. भंगारवाल्याला देऊ नये. तो पत्र्यासाठी डबा फोडील, तांब्यासाठी जाळील, आणि पीसीबी अर्धवट जळाले की त्यातून फ्युरानसारखी आणखी जहाल विषे निघतात. आपल्या दिवाणखान्यातला सूर स्वच्छ व्हावा आणि त्याचा धूर धारावीतल्या पोराच्या छातीत जावा, ही दुरुस्ती नव्हे.

सारांश एवढाच: जे झिजले आहे ते मोजून बदलावे, जे शाबूत आहे ते राहू द्यावे, सांधे घासूनपुसून घट्ट करावेत आणि काढून टाकलेल्या वस्तूची जबाबदारी आपल्या उंबरठ्यापाशी संपली असे मानू नये. हे कर्ण्याला लागू आहे. आणखी कशाकशाला लागू आहे, ते सुज्ञ श्रोत्यांस सांगायला नको.