दुधाची शपथ आणि पाजणारी आई



 माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं की, बाळांच्या डॉक्टरांच्या परिषदेत सिनेमा कशासाठी? पहिलटकरीण आमच्या वॉर्डात येते तेव्हा बाळाला पाजणारी दुसरी बाई तिने जवळून क्वचितच पाहिलेली असते. घरं लहान झाली, माणसं पांगली, जाऊबाई दुसऱ्या गावी आणि आई बाळंतपणापुरती येणारी. सिनेमातल्या आया मात्र तिने लहानपणापासून पाहिल्या आहेत. आई कशी असते, तिच्या छातीत दूध कसं येतं, ते कशासाठी असतं, हे सगळं तिला आमच्या आधी पडद्याने सांगितलेलं असतं. त्या शिकवणीवर मला आज बोलायचं आहे.

आपल्या पडद्यावरची पहिली आई पुरुष होती. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली आणि तिच्या मुलाची फाळक्यांच्याच मुलाने, भालचंद्रने. कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळत नव्हती, त्या काळाचा तो नाइलाज होता. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या खऱ्याखुऱ्या मायलेकी पडद्यावर आल्या. बायका सिनेमात आल्या, पण आईचं शरीर काही आलं नाही. पडद्यावरच्या आईला डोळे होते, पदर होता, अश्रू होते. थकणारी पाठ आणि भरून येणारी छाती तिला पुढची कित्येक वर्षं मिळाली नाही.

अपवाद होते, आणि त्यातला एक आपल्या पुण्यातला आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मधली आवली आठवा. १९३६ चा चित्रपट. गौरीबाईंनी साकारलेली ही बाई पोरांच्या पोटासाठी दिवसभर राबते, म्हशीवर माया करते, नवऱ्यावर चिडते आणि आजारी पोराला ओढत देवळात नेऊन प्रत्यक्ष विठोबाशी भांडते. तिचं प्रेम तिच्या कामात दिसतं, तिच्या तोंडाळपणातही दिसतं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तली सर्वजया अशीच. दारिद्र्याने तिला कडवट केलं आहे, म्हाताऱ्या नणंदेला ती टोचून बोलते आणि तरी ती आईच आहे. या दोघींना कोणी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, म्हणून मला त्या इतक्या जवळच्या वाटतात.

नंतरच्या लोकप्रिय हिंदी सिनेमाने दूध आणलं, पण ते संवादांत. आईचं दूध प्यायला असशील तर समोर ये, हे आव्हान किती चित्रपटांत ऐकलं असेल! दुधाची शपथ आली, दुधाची लाज आली आणि दुधाचं कर्ज आलं. १९९० साली तर ‘दूध का कर्ज’ याच नावाचा चित्रपट निघाला. त्यात अरुणा इराणींनी केलेली आई आपल्या मुलाबरोबर नागालाही आपलं दूध पाजते आणि पुढे तो नाग ते ऋण फेडतो. कर्ज म्हटलं की वसुली आली, आणि वसुली नेहमी मुलाकडून. लेकीने दुधाचं कर्ज फेडावं असं बजावणारी आई मला तरी पडद्यावर आठवत नाही.

हे केवळ संवादांपुरतं असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ साली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकडेवारीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजलं जातं, असं त्यात दिसून आलं. मुलीवर माया कमी, असा त्याचा अर्थ नव्हे. मुलगी झाली की घराला मुलाची घाई होते, पुढचं गरोदरपण लवकर हवं असतं आणि पाजणं लवकर तोडलं जातं. दुधाचा हिशेब मुलाच्या नावावर मांडणारा पडदा आणि लेकीचं पाजणं लवकर तोडणारं घर, ही दोन्ही एकाच समाजाची आहेत.

आता वॉर्डात या. सिनेमातली आई बाळाला छातीशी घेते, पार्श्वसंगीत वाजतं, बाळ शांत होतं. दोन क्षणांत दृश्य संपतं. त्यावरून बघणारी एकच गोष्ट शिकते, की माया असली की दूध येतं. मग तिच्या स्वतःच्या बाळंतपणात पहिले दोन दिवस थेंब थेंब पिवळा चीक येतो. तिला वाटतं, आपल्याला दूधच नाही. बाळाच्या सुपारीएवढ्या पोटाला तेवढाच चीक पुरतो, हे तिला कोणी दाखवलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळाने नुसतं टोक तोंडात धरलं तर चिरा पडतात, ती कळवळते. बाळ रडतं, सासू म्हणते वरचं दूध द्या, आणि ही मुलगी मनाशी म्हणते, माझी मायाच कमी पडली. अशा किती मुलींचे हात हातात घेऊन मी सांगितलं आहे, की बाई, मायेचा आणि याचा काही संबंध नाही. पाजणं हे कसब आहे. ते बाळालाही शिकायचं असतं आणि तुलाही. बाळाचं तोंड मोठं उघडू दे, हनुवटी छातीला टेकू दे, नुसतं टोक नको, भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात जाऊ दे. एवढं जमलं की दुखणं बहुधा थांबतं.

२०१९ ते २०२१ या काळातल्या सर्वेक्षणानुसार आपल्या देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळतं फक्त ४१.८ टक्के मुलांना. बाळंतीण आमच्या ताब्यात असते आणि तरी हे होतं. हा दोष सिनेमाचा नाही, तो आमचा आहे, हे या व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला हवं. पण मदतीला येऊ शकणारं एवढं मोठं माध्यम शेजारी उभं असताना आम्ही त्याच्याशी कधी बोललोच नाही, हाही आमचाच दोष.

पाजणं पडद्यावर दाखवणं अवघड आहे हे मला मान्य आहे. तान्ह्या बाळाला शिफ्ट कळत नाही आणि दिव्यांचा उजेड सोसत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ साली मांडलेल्या मसुद्यात तीन महिन्यांखालच्या बाळाला चित्रीकरणात घेऊ नये असं म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे. विशेष म्हणजे त्यात स्तनपान आणि लसीकरण यांच्या प्रचारासाठी सूट ठेवली आहे. मसुदा लिहिणाऱ्यांना हा विषय महत्त्वाचा वाटला, याचं मला समाधान वाटतं.

खरी अडचण बाळाची नसून नजरेची आहे. १९८५ साली राज कपूर यांच्या ‘राम तेरी गंगा मैली’मध्ये गंगा आगगाडीत बाळाला पाजते. कथेत त्या प्रसंगाला पूर्ण जागा आहे. एकटी, निराधार आई, परका प्रवास आणि भुकेलं बाळ. परंतु त्या दृश्याची आठवण लोकांनी ज्या रीतीने जपली, तिच्यात ना बाळ आहे, ना भूक. कॅमेरा आईबरोबर बसला होता की समोरच्या बाकावरच्या उतारूंबरोबर, याचं उत्तर त्या आठवणीतच मिळतं. मातृत्वाचं पावित्र्य पुढे करून बाईच्या अंगाकडे पाहण्याची मुभा घेतली, असं माझं मत आहे, आणि मी ते पूर्ण गांभीर्याने मांडते आहे.

या नजरेवरच उभा असलेला एक चित्रपट आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. महाश्वेतादेवींच्या कथेवरून इटलीच्या इतालो स्पिनेली यांनी २०१० साली ‘गांगोर’ केला. उपिन हा छायाचित्रकार पुरुलियाला आदिवासी स्त्रियांवरच्या अन्यायाची बातमी करायला जातो आणि बाळाला पाजणाऱ्या गांगोरचा फोटो काढतो. त्याचा हेतू वाईट नाही. फोटो वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्या एका फोटोपायी गांगोरच्या आयुष्याची धूळधाण होते. पोलीस तिच्यावर अत्याचार करतात, गाव तिला टाकतं. ज्या क्षणी ती फक्त आई होती, तो क्षण इतरांच्या हाती पडला आणि तिच्याकडे काहीच उरलं नाही. प्रत्येक चित्रपटशाळेत हा चित्रपट दाखवावा, आणि आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही दाखवावा. रुग्णाचा फोटो मोबाइलमध्ये घेताना आमचे विद्यार्थी किती वेळा विचारतात?

बाहेरच्या देशांतले दोन चित्रपट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. पेरूच्या क्लॉडिया योसा यांच्या चित्रपटाला २००९ साली बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं. यादवीच्या काळात अत्याचार सोसलेल्या आयांचं भय दुधातून मुलांत उतरतं, अशा तिथल्या लोकसमजुतीवर तो उभा आहे. त्यातली फाउस्ता आईच्या दुधातून आलेली भीती घेऊन जगते. वैद्यकीय दृष्टीने ही समजूत खरी नाही. पण घाबरलेल्या, अपमानित बाईचा पान्हा सुटायला अडचण येते, हे आम्ही रोज पाहतो. ताणाने पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचं स्रवणं मंदावतं आणि छातीत असलेलं दूध वाहत नाही. तिथल्या बायकांना हे दुसऱ्या वाटेने कळलं होतं. दुसरा चित्रपट २०१८ चा ‘टली’. चार्लीझ थेरॉनने केलेली तिसऱ्या बाळंतपणानंतरची आई रात्र रात्र जागते, पंपाने दूध काढते आणि एवढ्या कष्टाने काढलेलं दूध तिच्या हातून सांडतं. पुढे तिचं मनही खचत जातं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराबद्दल माझ्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा त्या सांडलेल्या दुधाने जास्त सांगितलं.

आपल्याकडेही वाटा आहेत. ‘उंबरठा’त स्मिता पाटीलने केलेली सुलभा लहान मुलीला घरी ठेवून कामाला जाते, आणि जब्बार पटेलांनी १९८२ साली तिला खलनायिका ठरवलं नाही. ‘मला आई व्हायचंय!’मध्ये समृद्धी पोरे यांनी गर्भाशय भाड्याने देणाऱ्या बाईच्या मायेचा प्रश्न मांडला, पुढे त्यावरून हिंदीत ‘मिमी’ आला. डानिस तानोविच यांच्या ‘टायगर्स’मध्ये इमरान हाश्मीने पाकिस्तानातल्या एका विक्रेत्याची सत्यकथेवर आधारलेली भूमिका केली आहे. पावडरचं दूध खपवण्यासाठी तो डॉक्टरांना भेटवस्तू वाटतो आणि दूषित पाण्यात कालवलेल्या त्या दुधाने बाळं मरताना पाहून कंपनीविरुद्ध उभा राहतो. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद आहे, डॉक्टरांना त्यासाठी भेटी देणंही बंद आहे. तरीही पडद्यावर बाळ दाखवायचं म्हटलं की कलादिग्दर्शक पाळण्याशेजारी दुधाची बाटली ठेवतो. फुकट जाहिरात होते. ती बाटली उचला, एवढी विनंती मी आजच करते.

आणि हिरकणी. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ भुकेलं, म्हणून ती रायगडाचा कडा उतरली. २०१९ साली प्रसाद ओक यांनी सोनाली कुलकर्णीला घेऊन तो कडा मोठ्या पडद्यावर आणला. ही कामावर गेलेल्या आईची गोष्ट आहे, म्हणून तर एसटी स्थानकांवरच्या आणि कार्यालयांतल्या पाजायच्या खोल्यांना आपण हिरकणी कक्ष म्हणतो. त्यातल्या कितीतरी खोल्यांना कुलूप असतं, कुठे मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. कड्याचं साहस आपण शतकानुशतकं सांगत आलो. दरवाजा बंद का झाला, आणि पाजती बाई आत अडकली आहे हे पहारेकऱ्याने का विचारात घेतलं नाही, हा चित्रपट अजून कोणी केलेला नाही.

शिकवणारे चित्रपट महाराष्ट्रात झाले आहेत. जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर ठेवलं की ते स्वतः सरपटत छातीपर्यंत पोहोचतं, हे दाखवणारी फिल्म २००७ च्या सुमारास मुंबईत युनिसेफच्या मदतीने तयार झाली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये बाळाला कसं धरायचं याचे धडे आहेत. आशाताई ते मोबाइलवर दाखवतात आणि त्याचा उपयोग होतो, हे मी पाहिलं आहे. पण धडा वेगळा आणि गोष्ट वेगळी. १९८९ साली सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईने काढून दिलेलं दूध, अनोळखी घरातलं दिवस न भरलेलं बाळ, आणि मध्ये जात न विचारणारी एक काचेची बाटली. यावर चित्रपट नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

दिग्दर्शक मित्रांनो, तुम्ही या. डॉक्टर सहकाऱ्यांनो, आपण आपापल्या रुग्णालयांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडू या. अटी मात्र आजच ठरवू. चित्रीकरणाआधी आईशी तिच्या भाषेत बोललं जाईल आणि त्या वेळी नवरा किंवा सासू खोलीत नसेल. काय चित्रित झालं ते पहिल्यांदा तिला दाखवलं जाईल. ते पाहून ती नको म्हणाली तर सगळं पुसलं जाईल, मग दृश्य कितीही सुंदर असो. ती घरी गेल्यावर महिन्याभराने पुन्हा विचारलं जाईल, कारण बाळंतपणाच्या थकव्यात दिलेला होकार हा पुरता होकार नव्हे. याचा मसुदा परिचारिका संघटनेच्या प्रतिनिधींबरोबर दुपारच्या सत्रात करायचा आहे, आणि त्या बैठकीत मागच्या वर्षभरात बाळंत झालेल्या आयाही असाव्यात, असा माझा आग्रह आहे.