घण, हंडा आणि साप: पडण्यावर हसवणारा खेळ

बेंगळुरूत इथे समोर बसलेल्यांना नमस्कार, आणि इंदूर, बडोदा, बेळगाव, पुणे, जिथून कुठून तुम्ही हे बघताय त्या सगळ्यांनाही.

आज मी एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव जरा लांब आहे: ‘गेटिंग ओव्हर इट विथ बेनेट फॉडी’. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो खेळला नसेल. पण कुणीतरी तो खेळताना डोक्याला हात लावून ओरडतंय, असा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. आणि हसलाही असाल. मीही हसले. मग स्वतः खेळले, आणि मग हसू जरा कमी झालं. खेळ चांगला कुठे आहे आणि कमी कुठे पडतो, ते आज सांगते.

न पाहिलेल्यांसाठी आधी थोडक्यात. एक उघडाबंब माणूस आहे. कमरेपासून खाली तो एका काळ्या लोखंडी हंड्यात बसलेला आहे. पाय दिसतच नाहीत. हातात लांब दांड्याचा घण. हा घण कुठेतरी अडकवायचा, जोर लावायचा आणि हंड्यासकट डोंगर चढायचा. बस, एवढाच खेळ. बटणं नाहीत, फक्त माउस. तुम्ही माउस फिरवाल तसा घण फिरतो. माणसाचं नाव डायोजेनिस. ग्रीसमध्ये याच नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, आणि तो एका मोठ्या रांजणात राहायचा असं सांगतात. तो रांजण इथे हंडा झालाय.

डोंगरही धड डोंगर नाही. खडक संपले की घरातलं सामान लागतं, मग मोठमोठी संत्री, मग बर्फ, मग मनोरा. भंगारवाल्याच्या गोदामात कुणीतरी सगळं एकावर एक रचून ठेवावं तसं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे मधे कुठेही थांबा नाही. नेहमीच्या गेममध्ये एक टप्पा पार केला की तो तुमच्या खात्यात जमा होतो. इथे तसं नाही. घण जरा निसटला की थेट खाली. कधी दहा फूट, कधी पार पहिल्या झाडापाशी. गेम तुमची जागा लक्षात ठेवतो, पण पडल्यानंतरची!

आणि पडलात की एक शांत, गोड आवाज बोलायला लागतो. तो आवाज खुद्द बेनेट फॉडी यांचा. अपयशावर कुणा थोराने काय म्हटलंय ते ते वाचून दाखवतात, किंवा एखादं जुनंपुराणं गाणं लावतात. तुम्ही दात-ओठ खाताय आणि वरून सुभाषित. विनोद इथे आहे.

हे फॉडी मूळचे ऑस्ट्रेलियाचे. शिक्षणाने तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. प्रिन्स्टन आणि ऑक्सफर्डला त्यांनी काम केलं, आणि व्यसन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आता लक्षात येतं ना, हा खेळ सुटत का नाही ते? २००८ मध्ये त्यांनी ‘क्वॉप’ केला. त्यात धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या बटणांनी हलवायच्या, आणि तो पहिल्याच पावलाला कोसळायचा. ‘गेटिंग ओव्हर इट’ डिसेंबर २०१७ मध्ये सर्वांसाठी आला. त्याची मूळ कल्पना २००२ मधल्या एका छोट्या चेक गेमची. ते ऋण फॉडी लपवत नाहीत, खेळ चालू असतानाच ते त्या गेमबद्दल बोलतात. २०१८ मध्ये स्वतंत्र गेमसाठीच्या आयजीएफ महोत्सवात याला नुओव्हो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार चाकोरीबाहेरच्या प्रयोगांना देतात.

आता एक आपली आठवण. या गेममध्ये वरच्या भागात एक साप आहे. शेजारी पाटी आहे, सापावर बसू नका म्हणून. बसलात तर साप तुम्हाला सरळ तळाशी नेऊन सोडतो. हे पाहिलं आणि मला सापशिडीच आठवली. इथे कन्नडमध्ये तिला हावु-एणी म्हणतात. आणि आपला मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, कवड्या टाकायच्या आणि मोक्षापर्यंत पोचायचं. म्हणजे पडण्याचा खेळ करून त्यातून काही शिकवावं, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

पण एक फरक आहे, आणि या खेळाचं पहिलं बळ त्यातच आहे. सापशिडीत तुम्हाला कवड्या पाडतात. तुमचा दोष काहीच नाही. या खेळात नशीब नाही. प्रत्येक दगड कायम त्याच जागी, घण कायम तुमच्या हाताइतकाच शहाणा. पडलात तर तुम्हीच पडलात. राग येतो तो म्हणूनच.

दुसरं बळ त्याच्याच पोटात आहे. पहिल्यांदा मी चिमणीसारख्या एका अरुंद फटीत तासभर अडकले होते. वर गेले, पडले, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा ती फट दोन-तीन मिनिटांत पार झाली. गेमने मला नवीन ताकद दिली नव्हती, कुठलं बक्षीस दिलं नव्हतं. उंची गेली, पण हाताला आलेलं गेलं नव्हतं. सरावलेले लोक हा अख्खा डोंगर दोन मिनिटांच्या आत चढतात. फॉडींनी ज्यांच्याकडून खेळ तपासून घेतला त्यांतल्या मधल्या माणसाला पाच तास लागले होते. डोंगर तोच, हंडा तोच.

तिसरं बळ म्हणजे विनोद शरीरात आहे. हंड्यातला माणूस घणाच्या टोकावर लटपटतोय, हे चार्ली चॅप्लिनसारखं कुणालाही कळतं. भाषा लागत नाही.

आता कमतरता. पहिली म्हणजे मनगट. अर्धा तास सलग माउस ओढलात तर दुसऱ्या दिवशी चपाती लाटताना कळतं. फोनवर खेळलात तर आपलंच बोट घणाच्या आड येतं. दुसरी कमतरता, विनोदाचा उरलेला अर्धा भाग आवाजात आहे आणि आवाज इंग्रजीत. इंग्रजी कानावरून गेलं तर उरतं फक्त पडणं. तिसरी कमतरता मोठी आहे, आणि ती मला माझ्या भाच्याने दाखवली.

भाचा बेळगावचा. प्रवेश परीक्षेत रँक आली नाही म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा तयारी करायची ठरली, आणि क्लाससाठी तो माझ्याकडे राहायला आला. एका रविवारी मी त्याला हा खेळ लावून दिला. म्हटलं, जरा हसेल. पोरगं चांगलं खेळलं. संत्र्यांपर्यंत गेला आणि तिथून घसरला तो थेट तळाला. आवाज सुरू झाला. त्याने विचारलं, “मावशी, हा काय म्हणतोय?” मी भाषांतर करून सांगितलं, की अपयशातूनच माणूस घडतो वगैरे. तो म्हणाला, “आमचे क्लासवालेपण हेच म्हणतात. फी घेऊन.”

मी गप्प झाले. कारण त्याचं बरोबर होतं. खेळातल्या पडण्याला एक संध्याकाळ लागते. त्याच्या पडण्याला एक वर्ष लागलं होतं, आईवडिलांचे पैसे लागले होते आणि शेजाऱ्यांचे प्रश्न वेगळेच. फॉडींचा आवाज मात्र सगळ्या पडण्यांशी एकाच सुरात बोलतो. इथून जवळ रामनगरला खडक चढायला जाणारे तुमच्यात असतील. तिथे खाली कुणीतरी दोर धरून उभा असतो, आणि त्याच्या जिवावर आपण हात सोडायचं धाडस करतो. या खेळात दोर धरणारा कुणी नाही, फक्त बोलणारा आहे. करमणूक म्हणून ठीक. पण त्यावरून आयुष्याचे धडे काढायला लागलात तर घोळ होतो. हे व्हिडिओ बघून हसणाऱ्या आपल्यालाही लागू आहे. ओरडणाऱ्याच्या पडण्याचे त्याला पैसे मिळतात. भाच्याच्या पडण्याचे कोण देणार?

न्यायासाठी हेही सांगायला हवं, की हे फॉडींना अजिबात कळत नाही असं नाही. विशिष्ट प्रकारच्या माणसांना दुखावण्यासाठी हा खेळ केला, असं ते आधीच सांगून टाकतात. आणि वर पोचलेल्याला खेळ विचारतो, की तू हे रेकॉर्ड करतोयस का? नाही म्हणालात तर पोचलेल्या दुसऱ्या माणसांशी गप्पा मारता येतात, अशी जागा उघडते. इतका वेळ एकट्याने चढल्यावर शेवटी माणसं भेटतात. मला खेळातली ही सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. फक्त ती तळाशी हवी होती. तिची गरज तिथे जास्त असते.

तर माझं मत असं. खेळ जरूर खेळा. मनगट सांभाळा, दिवसाला अर्धा तास. ज्याचं बाहेर काही नुकतंच निसटलंय त्याला तो लावून देताना माझ्यासारखी घाई करू नका. शेजारी बसा. आवाज बंद करा हवं तर.

भाच्याने तेच केलं. आवाज बंद केला आणि पुन्हा चढायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “खालचं सगळं आता पटकन होतंय गं.” मी काहीच बोलले नाही. चहा ठेवला.

प्रश्न असतील तर विचारा, आणि तुमच्यापैकी कुणी त्या सापावर बसलं असेल तर आधी हात वर करा.