मुक्त संगणकप्रणाली आणि यूएसबी उपकरणांचा भरवसा

(कुडवा, जि. गोंदिया येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आला. शाळांतील आणि ग्रामपंचायतींतील अनेक जुने संगणक पुढील आवृत्तीस पात्र ठरत नाहीत. ते भंगारात काढावेत की लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर चालवावेत, हा प्रश्न त्यामुळे आपल्यापुढे उभा आहे. मुक्त प्रणालीला परवान्याचे मूल्य पडत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली उपलब्ध करून दिली, हेही आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. तरीही पाऊल अडते ते एका साध्या शंकेपाशी : आमचा प्रिंटर चालेल काय? अंगठ्याचे यंत्र, सहीचे टोकन चालेल काय?

शंका रास्त आहे. गोंदियाच्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी एकाच सकाळी कानी पडतात, आणि व्यवहार अडला की दोन्ही भाषा जाणणारा कोणीतरी पुढे होतो. संगणक आणि उपकरण यांच्यामधील असा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तार जोडताच उपकरण आपला उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक सांगते, आपण कोणत्या वर्गाचे आहोत तेही सांगते, आणि प्रणाली त्यानुसार दुभाषी शोधते.

या ‘वर्गा’तच भरवशाचे मर्म आहे. कळफलक, माउस, पेनड्राइव्ह, बहुतेक वेबकॅमेरे ही उपकरणे १९९६ पासून चालत आलेल्या यूएसबी मानकाच्या ठरलेल्या वर्गांत मोडतात. त्यांना एकच सामाईक दुभाषी पुरतो, आणि तो लिनक्सच्या गाभ्यातच असतो. तबकडी लावावी लागत नाही. मुक्त प्रणाली येथे मागे आहे हा समज जुना झाला. यूएसबी ३.० चा आधार सप्टेंबर २००९ मध्ये प्रथम आला तो लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत, आणि तो लिहिण्याचे प्रमुख काम सारा शार्प या अभियंतीने केले होते.

पूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे नवी प्रणाली येताच जुना स्कॅनर निरुपयोगी ठरला. काच स्वच्छ, दिवा शाबूत. पण उत्पादकाने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढला नव्हता. तोच स्कॅनर लिनक्सवर ‘सेन’ या मुक्त संचाच्या आधारे चालू लागला. ड्रायव्हरची संहिता खुली असली म्हणजे उत्पादकाने लक्ष काढून घेतल्यावरही दुसरा कोणी ती सांभाळू शकतो. अर्थात सांभाळणारा कोणी उरलाच नाही, तर तेथेही ड्रायव्हर वगळला जातो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे उपकरण कोणत्याही सामाईक वर्गात बसत नाही आणि ज्याची माहिती उत्पादकाने खुली केलेली नाही, तेथे मुक्त प्रणालीचा भरवसा धरता येत नाही. अंगठ्याची यंत्रे पुष्कळदा या प्रकारात येतात. वायफायच्या लहान डोंगलची गंमत आणखी निराळी : खोक्यावर नाव तेच, आतील चिप मात्र बदललेली. गेल्या वर्षीचे चालले म्हणून यंदाचे चालेलच असे नाही.

पंचायतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे डिजिटल सहीचे टोकन. ई-ग्रामस्वराज २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले, आणि त्यातून पीएफएमएसमार्फत होणारी देयके टोकनवरील सहीखेरीज पुढे सरकत नाहीत. अनेक टोकन सामाईक वर्गातीलच असल्याने लिनक्स त्यांना ओळखते. परंतु टोकन ओळखले जाणे आणि संकेतस्थळावर सही उमटणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. मधला साहाय्यक कार्यक्रम केवळ विंडोजसाठी असेल, तर मजुराचे देयक अडेल. म्हणून माझे मत असे की, वर्ग आणि वाचनालय येथील संगणक निःशंकपणे मुक्त प्रणालीवर न्यावेत. देयकांचा संगणक मात्र प्रत्यक्ष सही उमटल्याची खात्री होईपर्यंत हलवू नये.

नव्या खरेदीत, उपकरण आपल्या प्रणालीवर चालवून दाखविल्यावरच देयक मंजूर होईल, अशी अट पुरवठा आदेशातच घालावी. मागाहून तक्रार करण्यापेक्षा ते सोपे पडते. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट : जुन्या यूएसबी खाचेतून ५०० मिलिअँपिअरच विद्युतप्रवाह मिळण्याची हमी असते. एका जोडणीत चार उपकरणे अडकवली आणि ती मधूनच बंद पडू लागली, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो.

माझ्याजवळ लिनक्स असलेला एक पेनड्राइव्ह आहे. त्यावरून संगणक सुरू केला, तर आतील चकतीला हात न लावता चाचणी घेता येते. चहापानानंतर येथील जुन्या संगणकावर तो लावू. ज्यांनी प्रिंटर किंवा टोकन सोबत आणले असेल, त्यांनी पुढे यावे; मात्र टोकनचा पिन अंदाजाने घालून पाहू नये, काही चुकांनंतर ते कुलूपबंद होते.